जाऊन येतों

आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेची कच्ची पानं घेऊन आपटे घरी आले. माझ्या लेखाच्या डोक्यावर त्यांनी आपल्या मनानं घालून टाकलं होतं, 'कै. व्यंकोबाराव'. आपटे आमचे चिटणीस. माणूस चांगला, पण कुठल्याही नावापुढं काहीतरी लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मी पेन्सिल घेतली आणि त्या 'कै.'वर रेघ मारली.

"वहिनी, असं किती दिवस चालायचं," आपटे म्हणाले. "लोक विचारतात."

"लोकांना मी सांगते. तुम्ही कॉफी घ्या."

तर तेच सांगायला बसले आहे. मी काही लेखिका नव्हे. मिरजेला सातवीपर्यंत शाळा झाली, लग्न होऊन मद्रासला आले, पुढचं शिक्षण पेरांबूरच्या भाजीवाल्यांनी केलं. तमिळ अक्षरं बसच्या पाट्यांवरून जुळवत शिकले. आमचे हे गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात, पहाटे कंपनीची बस यायची ती दिवेलागणीला माघारी. मधला सगळा दिवस माझा. त्या दिवसांतले कितीतरी दिवस व्यंकोबारावांनी घेतले, आणि पडद्याआड विंगेत बसून नटांना शब्द सांगायचं काम मला लावलं. विंगेतून नाटक अर्धंच दिसतं, हे आधी सांगून ठेवते. म्हणजे पुढं मी जे सांगेन त्यातलं किती मी पाहिलं आणि किती दुसऱ्यानं, ते तुम्हीच लावून घ्याल.

शहराचं नाव चेन्नई होऊन काही वर्षं झाली होती, आमच्या तोंडात मात्र मद्रासच होतं, तेव्हाची गोष्ट. मंडळाच्या बैठकीला एक उंच, वाळलेले गृहस्थ आले, तेच व्यंकोबाराव. पांढरी वेष्टी, म्हणजे मद्रासी धोतर, खांद्याला खाकी पिशवी, आणि कान इतके मोठे की मागून ऊन आलं की लाल दिसायचे. एका हातात पितळी कूजा. कूजा म्हणजे फिरकीच्या झाकणाचा, कडी असलेला पाण्याचा तांब्या, जुनी मद्रासी माणसं प्रवासाला नेतात तो. झाकण फिरवलं की करकर वाजायचं. बसले की तो मांडीशी ठेवायचे, मांजर ठेवावं तसा.

तंजावरकडची मराठी माणसं. भोसल्यांचं राज्य होतं तेव्हापासून तिथं राहिलेली. त्यांची मराठी ऐकली की मला आधी हसू यायचं आणि मग जरा कसंतरी व्हायचं. आपल्या पणजीच्या तोंडचे शब्द परक्या माणसानं तमिळ हेल काढून बोलावेत, तसं. 'सगळे'ला ते 'अस्के' म्हणत. गं नाही म्हणायचे, 'गे' म्हणायचे. जन्म सरकारी कचेरीत आणि तमिळ रंगभूमीवर गेलेला. सभांमधून, म्हणजे तिथल्या नाटक-गाण्याच्या संस्थांमधून, त्यांनी लिहिलेले, बसवलेले तमिळ फार्स लोक बोंडा खात खात बघायचे आणि हसून लोळायचे. म्हातारपणी त्यांना मराठीत नाटक करायचं होतं. का, असं कुणीतरी विचारलं. म्हणाले, "पोट भरायला तमिळ झालें. पोटांतलें काढायला मराठी नक्को कां?"

त्या दिवशी मी घड्याळ बघून उठले. म्हटलं, "बरं राव, निघते मी."

"बसा," राव म्हणाले.

मी बसले.

"निघते म्हणजे काय, मिरजबाई? चप्पल निघते. दांत निघतो. माणसानें 'जाऊन येतों' म्हणावें. म्हणा."

लोक हसायला लागले. मीही हसले. पण राव हसत नव्हते. ते खरंच थांबले होते, मी म्हणेपर्यंत. "जाऊन येते," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, आणि मी पायऱ्या उतरेपर्यंत मागून बघत राहिले. त्यांच्या कुठल्याच नाटकात कुणी 'जातो' म्हणून बाहेर जात नसे. खलनायकसुद्धा 'तुझा सत्यानाश करून येतों' म्हणून जायचा. आपल्याकडंही घरातून जाताना 'येतो'च म्हणतात, त्यात नवं काही नाही. पण आपण ते म्हणतो आणि विसरतो. राव विसरत नसत.

मराठी ते बोलायचे, पण लिहायचे तमिळ अक्षरांत. तिकडची बरीच माणसं तसंच करतात. आता तमिळमध्ये क आणि ग एकच अक्षर. त्यांचा पहिला कागद मी देवनागरीत उतरवला त्यात म्हातारा नायक अंधारात बसून विडीसाठी गाडी ओढतो. मी तशीच लिहिली. तालमीत निखिल खरोखर कमरेत वाकून गाडी ओढायला लागला, तेव्हा राव शांतपणे म्हणाले, "बाबा, काडी. आगपेटीची." निखिल श्रीपेरुंबुदूरच्या मोटारीच्या कारखान्यातला इंजिनियर, साताऱ्याकडचा मुलगा, एरवी रावांची नक्कल करून आम्हाला हसवायचा. त्या दिवसापासून राव बोलायचे आणि मी लिहायची, असं ठरलं. माझी प्रॉम्प्टरकी तिथून सुरू झाली.

एग्मोर स्टेशनच्या मागं एक जुनी शाळा आहे, तिचा हॉल रविवारी दुपारी तालमीला मिळायचा. गाड्यांच्या घोषणा सरळ आत यायच्या. अमुक गाडी तमुक फलाटावरून सुटेल. नटानं रडायला तोंड उघडावं आणि बाहेर बाईनं सांगावं, गाडी सुटेल. सुटेल, सुटेल, नेहमी सुटेलच. गाडी आली असं त्या खिडकीतून कधी ऐकू येत नसे. वारा त्या बाजूचा असेल.

रावांची बसवायची एक तऱ्हा होती. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. एखादी मोठी गोष्ट नाटकात घ्यायची म्हणजे माणसं कमी करावी लागतात. राव म्हणायचे, कादंबरीत पाहुणे कितीही राहोत, नाटकात प्रत्येकाला ताट वाढायला पडतें. तर पहिल्याच नाटकात आजोबांचं काम करायला कुणी मिळालं नाही. त्यांनी आजोबांना काढून टाकलं. बोलणं काढलं, आरामखुर्ची काढली. पण तालमीत आम्ही बघतोय, तर रावांनी सगळ्यांना त्या जागेला वळसा घालायला लावलं. मध्येच सगळे थांबायचे, आजोबांचं बोलणं होईपर्यंत. मग पुढं.

"राव, आजोबा काढलेत ना?" सुषमाताईंनी विचारलं. त्या बँकेत होत्या, हिशोबाला पक्क्या.

"माणूस काढतां येतें. त्याची जागा काढतां येत नाहीं."

एकदा निखिल शिफ्ट करून थकून आला आणि धपकन तिथंच बसला. राव त्याच्या जवळ जाऊन हळूच म्हणाले, "ऊठ राजा. आजोबांच्या मांडीवर बसलास." काय हसलो आम्ही. निखिलनं उठून त्या मोकळ्या फरशीला हात जोडले, "सॉरी आजोबा."

तालीम संपल्यावर मुनियम्मा झाडायला आली. ती दरवाज्याबाहेर बसायची, मराठीचा तिला गंध नाही. तिनं सगळा हॉल झाडला आणि मधोमध हातभर गोल तसाच ठेवला. मी तमिळमध्ये विचारलं, "तेवढं का ठेवलंस?" ती म्हणाली, "ते उठले की झाडते." मी म्हटलं, "कोण ते?" तिनं माझ्याकडं बघितलं, मग त्या जागेकडं, आणि केरसुणी घेऊन निघून गेली.

आता, आम्ही दर वेळी वळसा घालताना तिनं पाहिलं असेल. असेलच. पण त्या दिवसानंतर त्या जागेवरून हसत चालून जायचं कुणाला जमलं नाही. निखिललाही नाही.

मग ते पाण्याचं वर्ष आलं. तळी आटली होती, नळाला थेंब नव्हता, लॉरी आली की प्लॅस्टिकच्या घागरी घेऊन बायका धावायच्या. तालमीला प्रत्येकानं आपली बाटली आणायची. एका रविवारी निखिलची संपली. घशाला कोरड, बोलता येईना. रावांच्या मांडीशी भरलेला कूजा. त्यानं हात पुढं केला.

"हें नक्को," राव म्हणाले. आवाज चढवला नाही, पण निखिलचा हात तसाच राहिला. राव उठले, वेष्टी सावरत उन्हात गेले, कोपऱ्यावरून त्याच्यासाठी ताक घेऊन आले, तो पिईपर्यंत त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. कूजा उचलून मात्र बरोबर नेला होता. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की या माणसाला मी कधी त्या कूज्यातून पाणी पिताना बघितलेलं नाही. दर वेळी ताजं पाणी भरून आणायचे आणि भरलेलाच परत न्यायचे.

त्याच उन्हाळ्यात ते एका दुपारी घरी आले. वीज नव्हती. मी दारात बसून शेवग्याचा पाला निवडत होते. पिशवीतून त्यांनी एक पुस्तक काढलं, पानं पिवळी, पाठ उसवलेली. त्यांच्या काकांची कादंबरी. काकांनी तंजावरला स्वतःच छापलेली. राव म्हणाले, "मिरजबाई, आतां हें बसवायचें. आयुष्यभर अस्के फार्स केले, तें याची भीती म्हणून."

मी म्हटलं, "भीती कसली?"

तर त्यांनी सांगितलं. त्यांच्याच शब्दांत सांगते, माझ्या जिभेला ते वळण नाही, पण कान पक्का आहे.

"माझी मोठी बहीण. अंबुअक्का. सासरच्यांनीं परत पाठवली होती. आमच्या घरीं तिला कोणी वाईट बोललें नाहीं. कांहींच बोललें नाहीं, तेंच वाईट. एक दिवस दुपारीं ती बाहेर निघाली. मी उंबऱ्यावर बसलों होतों, सहा वर्षांचा. मांडीवर हा कूजा. तिचाच. आई आंतून म्हणाली, 'येतें म्हण गे.' मी गुडघे बाजूला घेतले, तिला वाट दिली. ती माझ्या डोक्यावरून कांहीं तरी बोलली. 'जातें' म्हणाली कीं 'येतें' म्हणाली, मला ठाऊक नाहीं. मी झांकण फिरवीत होतों. करकर करकर. त्या आवाजांत ऐकूं आलें नाहीं."

"मग?"

"मग काय. कूजा विसरली, म्हणजे येईल, असें मला वाटलें. आई रोज पाणी बदलायची. काकानें पुस्तक लिहिलें. त्यांत अक्काचें नांव सुद्धां बदललें नाहीं. धड्याच्या शेवटीं लिहिलें, 'त्या दुपारीं अंबा गेली.' खालीं कोरें पान. कुंभकोणमला आत्या होती. तिनें वाचलें, पुस्तक मिटलें, आणि विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलें."

मी पाला खाली ठेवला.

"तिला वाटलें, भावाला अक्का मेल्याची खबर आली असेल, म्हणून लिहिलें. आम्हांला वाटलें, आत्यानें स्नान केलें म्हणजे तिला खबर आली असेल. अस्क्यांनीं स्नान केलें. मला अण्णानें विहिरीवर उभें करून घागर ओतली. एक क्रियापद, बाई. जिवंत माणसाचें स्नान केलें आम्ही एका क्रियापदापायीं."

"पण काकांना विचारलं नाही कुणी?"

"विचारलें ना. तो हंसला. म्हणाला, वाचणाराला जें कळलें तें खरें. मोठा लेखक. पुढें तोही गेला." रावांनी पुस्तक पिशवीत घातलं. "तो मात्र मेला. मी पाहिला."

मला हसूही आलं आणि अंगावर काटाही. मी विचारलं, "मग आता नाटकात काय करणार?"

"तेंच. कादंबरींत 'गेली' लिहून सुटतां येतें. नाटकांत दार असतें. ती त्या दारानें जाते कशी, थांबते कशी, काय म्हणते, दाखवायला पडतें. मीं लिहिलें तर तें माझें होईल. काकानें तिला एकदां मारली, मी दुसऱ्यांदां कां मारूं? आणि 'येतें' म्हणायला लावली तर तीही लबाडी." त्यांनी कूज्यावर हात ठेवला. "मी तिला काढतों. जागा ठेवतों. तिला वाटलें तर ती बोलेल."

हे शेवटचं वाक्य त्यांनी असं म्हटलं, जसं आपण म्हणतो, पाहुणे आले तर चहा टाकू.

त्यानंतरच्या तालमी मला अजून स्वप्नात येतात. अख्खं नाटक एका बाईभोवती, आणि ती बाई नाही. निखिल तिचा थोरला भाऊ, तो मोकळ्या हवेला म्हणायचा, "अक्का, जेवलीस कां?" आणि सगळे थांबायचे. एवढंसं थांबणं. मग तो मान खाली घालायचा. दर तालमीला त्याच ठिकाणी त्याची मान खाली जायची. मी एकदा त्याला विचारलं, तिथं तू मनात काय धरतोस? तो म्हणाला, "काकू, मी काही धरत नाही. ती 'हो' म्हणते ते खोटं वाटतं, म्हणून."

सुषमाताई आई. सहा वर्षांच्या मुलाचं काम राव स्वतः करायचे, कपडे न बदलता, सत्तरीचा मुलगा आणि चाळिशीची आई. सुषमाताई म्हणाल्या, लोक हसतील. राव म्हणाले, "त्या दारांत मी सहाचाच आहें. हसूं दे." आणि खरं सांगते, ते उंबऱ्यावर कूजा घेऊन बसले की कुणी हसत नसे. ते कान, ते वर केलेलं तोंड.

शेवटचा प्रवेश तोच. आई म्हणणार, "येतें म्हण गे." राव गुडघे बाजूला घेणार, मान वर, मग नजर हळूहळू आतून बाहेर, कुणी तरी जवळून जात आहे तशी. झाकणाची करकर. मग करकर थांबणार, आणि पडदा. माझ्या हातातल्या प्रतीत त्या ठिकाणी मी नाव लिहिलेलं, 'अंबा', आणि पुढं काहीच नाही. रावांनी बजावून ठेवलं होतं, "बाई, इथें अस्के दगड झाले तरी तुम्ही शब्द द्यायचा नाहीं. ही ओळ तुमच्याकडे नाहीं."

प्रयोगाला शाळेचा तोच हॉल. मंडळाची माणसं, काही तंजावरकडची कुटुंबं, आणि माझ्या शेजारच्या सरोजामामी. मामींना मराठीचा एक शब्द कळत नाही, पण मी पडद्यामागं काय करते ते बघायची त्यांना हौस. पहिल्या रांगेत बसवलं त्यांना.

नाटक चांगलं चाललं होतं. संध्याकाळ होती, खिडक्या उघड्या होत्या. शेवटचा प्रवेश आला. मी डावीकडच्या विंगेत, तिथून दाराची चौकट आडवी दिसते आणि उंबऱ्यावर बसलेले राव एका बाजूनं. सुषमाताई म्हणाल्या, "येतें म्हण गे."

सगळे थांबले.

रावांनी गुडघे बाजूला घेतले. मान वर केली. आणि त्यांची नजर बाहेरून आत गेली. इतक्या तालमी झाल्या, मी डोळे मिटून सांगितलं असतं, आतून बाहेर जाते. त्या दिवशी बाहेरून आत गेली, हळू, जशी दारातून आत येणाऱ्याच्या मागं जाते तशी, आणि त्यांच्या खांद्यामागं येऊन थांबली. स्टेशनवरची बाई बोलत होती. गाडी फलाटावर येत आहे, असं म्हणाली.

झाकणाची करकर ऐकू आली. माझी नजर रावांच्या हातांवर गेली. दोन्ही हात गुडघ्यांवर होते.

पडदा ओढणारा पडदा ओढायचं विसरला. सुषमाताईंनी माझ्याकडं पाहिलं, डोळ्यांनी विचारलं, नेऊ का पुढं? मी मानेनंच नको म्हटलं. ती ओळ माझ्याकडं नव्हती. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग राव आपणहून उठले, आणि उठताना बाजूला सरकून उठले, शेजारी कुणी बसलेलं असावं तसे. मग पडदा पडला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, जरा उशिरानं. नमस्कार झाले. सरोजामामी मोगऱ्याचा गजरा घेऊन आत आल्या.

"मालती," त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "ती मुलगी नमस्काराला का नाही आली?"

"कुठली मुलगी, मामी?"

"शेवटी आली ती. हिरव्या लुगड्यातली. केस ओले होते बघ, पदरानं पुसत होती."

"कुठून आली?"

"दारातून. आणखी कुठून येणार? आजोबांनी पाय नाही का बाजूला घेतले? आली आणि त्यांच्या मागं बसली. तोंडातून शब्द काढला नाही, पण बसली काय छान."

मी म्हटलं, "मामी, तुमचा चष्मा कुठाय?"

मामींना राग आला. "मोतीबिंदू काढलाय मी. तुझ्यापेक्षा जास्त दिसतं मला."

राव मागं उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी मामींना अगदी आदरानं, तमिळमध्ये विचारलं, "केस ओले होते?"

"ओले."

"आणि लुगडं?"

"लुगडं कोरडं. कडक. नुकतं घडी मोडल्यासारखं."

राव माझ्याकडं वळले. त्यांचा चेहरा घाबरलेला नव्हता. गणित सुटल्यावर मुलाचा होतो तसा होता. "बुडालेल्याचें लुगडें ओलें असतें, बाई. ही बुडालेली नव्हे. ही न्हाऊन आली."

मी उंबऱ्यापाशी जाऊन कूजा उचलला. पुष्कळदा उचलला होता मी तो, भरलेला, त्याचं वजन हाताला माहीत होतं. हात एकदम वर गेला. झाकण उघडं, आत थेंब नाही. खाली फळ्या बघितल्या, त्या वर्षी ओल कुठं दिसली तर नजर आपोआप जायची. कोरड्या ठणठणीत.

"राव, पाणी..."

"डोक्यावरून घेण्यापुरतें होतें त्यांत," राव म्हणाले. त्यांनी कूजा माझ्या हातातून घेतला. मग म्हणाले, "आम्ही तिच्या नांवानें स्नान केलें. तिनें आमच्या नांवानें केलें. म्हणजे बघा, मिरजबाई. ती जात नव्हती. तिच्याकडून पाहिलें तर आम्हीच गेलों होतों. अस्के."

आपटे आत आले, बुके घेऊन, आणि राव त्यांच्याशी सभेतल्या जुन्या विनोदी आवाजात बोलायला लागले. त्या दिवशी कुणाला काही कळलं नाही. निखिल मात्र कोपऱ्यात बसून होता, मान खाली. मी जवळ गेले तर म्हणाला, "काकू, आज तिनं 'हो' नाही म्हटलं. 'अजून नाही' म्हणाली." मी त्याला सांगितलं, घरी जा, सकाळची शिफ्ट आहे तुझी.

त्यानंतर रावांनी नाटक बसवलं नाही. ते नाटकही पुन्हा केलं नाही. आपट्यांनी पुष्कळ गळ घातली. "झालें ना तें," एवढंच म्हणायचे. मग एक दिवस त्यांनी खोली सोडली, तंजावरला भाच्याकडं राहायला जायचं ठरवलं. रघू त्याचं नाव, धाकट्या बहिणीचा मुलगा.

एग्मोरला मी दहीभात घेऊन पोचवायला गेले. डब्यात खिडकीची जागा त्यांची. ते खिडकीशी बसले नव्हते, अलीकडे बसले होते, कूजा मांडीशी, गुडघे बाजूला घेऊन. खिडकीची जागा मोकळी. एक गृहस्थ तिथं बसायला आले, रावांकडं बघितलं, मोकळ्या जागेकडं बघितलं, आणि काही न बोलता पुढं गेले. मी खिडकीच्या गजाशी उभी. डबा दिला. गाडी हलली तशी मी म्हटलं, "राव, जाऊन या."

मला वाटलं, आता म्हणतील, जाऊन येतों. जन्मभर ज्या माणसानं दुसऱ्याकडून वदवून घेतलं, तो म्हणणारच. त्यांनी मान फिरवली, पण माझ्याकडं नाही. खिडकीशेजारच्या मोकळ्या जागेकडं. ओठ हलले. प्रॉम्प्टरकी केलेल्या बाईला ओठ वाचता येतात. ते म्हणाले, "आलों गे." कुणी आतून हाक मारली की आपण देतो ना ओ, तशी.

मग गाडी गेली.

पावसाळा सरत असताना रघूचा फोन आला. मराठी त्याला अर्धीच येते. म्हणाला, "मामा गेले."

आमचे हे शेजारीच बसले होते, माझा चेहरा बघून उठले, बहुतेक न्हाणीघराकडं जायला. मी त्यांना हातानं थांबवलं. फोनमध्ये विचारलं, "कुठे?"

मग रघू म्हणाला, "तेंच विचारायला केला. तुमच्याकडे आले कां?"

दुपारी दारातून बाहेर गेले होते. पिशवी घेतली नव्हती. स्टेशन, दवाखाने, नदीचा काठ, पोलिस, सगळीकडं पाहून झालं होतं. मी विचारलं, "जाताना काही बोलले का?"

"बोलले, काकू. मी मिक्सर लावला होता. चटणी. त्या आवाजांत ऐकूं आलें नाहीं."

"कूजा?"

"इथेंच आहे. उंबऱ्यावर."

मी त्याला सांगितलं, रोज पाणी बदल. पोरगा चांगला आहे, का म्हणून विचारलं नाही. अजून बदलतो.

तर त्या 'कै.'वर रेघ का, ते हे. मंडळानं शोकसभा ठरवली होती, मी गेले नाही. डोक्यावरून पाणी मी घेतलेलं नाही आणि आमच्या ह्यांनाही घेऊ दिलेलं नाही. आपट्यांना माझं एवढंच सांगणं आहे, छापायचं तर नुसतं नाव छापा, आणि नावाच्या आधी थोडी जागा मोकळी ठेवा.

दुपारी मी दारात भाजी निवडत बसते, पूर्वीसारखीच. आता गुडघे जरा आत घेऊन बसते. सरोजामामी जाता येता बघतात. अजून त्यांनी विचारलेलं नाही, आणि त्यांच्या डोळ्यांना काय दिसतं ते मीही विचारत नाही.